धास्ती की धसका की आणखी काही?

रुग्णालयात रक्त चढवण्याआधी रुग्णाला वाचायला द्यायचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर थंडी वाजते, ताप चढतो, कंबर दुखते, आणि कधीकधी 'आता काहीतरी भयंकर होणार' असं अचानक वाटू लागतं. तीव्र ॲलर्जीत आणि हृदयविकाराच्या झटक्यातही हे लक्षण दिसतं. मी 'धास्ती वाटणे' असं लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "कशाची धास्ती?" तिथेच अडले आहे. शब्द सुचवाल का?

उत्तर आईंच्या प्रश्नातच आहे. धास्तीला 'कशाची' लागतं. परीक्षेची धास्ती, सासऱ्यांची धास्ती, पावसाची धास्ती. पुढे काय वाढून ठेवलंय ते माणसाला ठाऊक असतं, म्हणून तो धास्तावतो. तुमच्या रुग्णाला तर कारणच कळत नाही.

धसक्याचं तोंड मागे असतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री जे लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले, त्यांनी पावसाचा धसका घेतला. आता जुलैत आभाळ भरून आलं की त्यांना धास्ती वाटते. म्हणजे होऊन गेलेल्याचा धसका आणि होणाऱ्याची धास्ती. वर्तमानपत्रांनी या दोन शब्दांची सरमिसळ केली आहे, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

धाकधूक तर नकोच. निकालाच्या दिवशी धाकधूक होते, कारण पास होण्याची आशाही असते. हुरहूर फार हळवी. 'मनात पाल चुकचुकली' जवळ येतं, पण ती शंका झाली. त्यात अंगाला काही होत नाही.

'अनामिक भीती' चालेल का? अर्थ बरोबर बसतो.

अर्थ बसतो, पण कुणाच्या तोंडी ऐकलंय? मी बरीच वर्षं वॉर्डात परिचारिका होते. रात्री दोन वाजता पेशंट हात धरून म्हणतो, "सिस्टर, कसंतरीच होतंय, जीव घाबरा होतोय." नागपूरकडचे "जीव घाबरून राहिला" म्हणतात. एखादी आजी नुसतं "आता माझं काही खरं नाही" म्हणते. असं कुणी म्हणालं की "घाबरू नका हो" एवढ्यावर भागवायचं नसतं, आधी नाडी आणि रक्तदाब बघायचा. रक्त चालू असेल तर ते तिथल्या तिथे बंद करून डॉक्टरांना बोलवायचं. म्हणून पत्रकात पेशंटचेच शब्द हवेत. वाचताना त्याला 'हे मलाच होतंय' असं कळलं पाहिजे.

'जीव घाबरा होणे' मला पटलं. इथे 'कशाचा' असं कुणी विचारणार नाही, आणि जीव म्हटल्यावर मन आणि शरीर दोन्ही आले. मात्र गर्दीत, उकाड्यात, उपाशीपोटीही जीव घाबरा होतो. तेव्हा 'आता माझं काही खरं नाही' हा पुढचा अर्धा भाग गाळू नका. नामाचा हट्ट सोडा, सरळ वाक्य लिहा.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं लिहिलं आहे: "रक्त चालू असताना अचानक जीव घाबरा झाला, किंवा 'आता माझं काही खरं नाही' असं वाटू लागलं, तर लगेच सिस्टरांना हाक मारा. संकोच करू नका." आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी तिने काही विचारलं नाही.