कारखान्यातील चित्रफितीत मशीनचे पडदे कॅमेऱ्याने आपोआप कसे ओळखावेत?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे मशीनशॉप आहे. परिसरातील फाउंड्र्यांकडून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग आम्ही व्हीएमसी (संगणकचालित मिलिंग मशीन) आणि टर्निंग सेंटर (संगणकचालित लेथ) यांवर करून देतो. नवीन मुलांना सेटिंग शिकवण्यासाठी आमच्या अनुभवी सेटरच्या टोपीला छोटा कॅमेरा लावून, तो फिक्स्चरमध्ये (पकडसाच्यात) जॉब कसा बांधतो, डायल लावून कसा ट्रू, म्हणजे अचूक सरळ, करतो आणि ऑफसेट, म्हणजे जॉबची नेमकी जागा मशीनला सांगणारे माप, कसा घेतो, याचे चित्रण आम्ही सुरू केले आहे. समोर उभे राहून दहा वेळा सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो आणि मुलेही त्या चित्रफिती आवडीने पाहतात.

अडचण अशी की, आमच्या पार्ट्यांशी, म्हणजे काम देणाऱ्या कंपन्यांशी, गोपनीयतेचे करार आहेत. सेटर मान वळवतो तेव्हा इन्स्पेक्शन टेबलावरच्या संगणकात उघडलेले ड्रॉइंग, मशीनच्या पॅनलवरचा प्रोग्रॅम, कधी कुणाच्या तरी मोबाइलवरचा संदेश, असे सगळेच चित्रात येते. या चित्रफिती गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या युनिटमधील मुलांच्या फोनवर जाणार असल्याने, आम्ही प्रत्येक पडदा हाताने झाकत बसतो आणि शिकवण्यापेक्षा झाकण्यातच अधिक वेळ जातो. आजूबाजूचे सर्व इलेक्ट्रॉनिक पडदे स्वतःहून ओळखेल अशी काही व्यवस्था करता येते का? चित्रणात काही पडद्यांवर आडवे पट्टे सरकताना दिसतात, म्हणजे पडद्याच्या प्रकाशात काहीतरी वेगळे असणार, असे मला वाटते. त्याचाच उपयोग करून घेता येईल का?

दृष्टियंत्र

आपल्या प्रश्नाची दोन अंगे आहेत, आकारावरून ओळखणे आणि प्रकाशावरून ओळखणे. मी प्रतिमा-प्रक्रियेचे काम करतो, त्यामुळे पहिल्या अंगाविषयी लिहितो.

चित्रातील वस्तू ओळखणारी तयार मॉडेल्स, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या संगणक-प्रणाली, आज विनामूल्य मिळतात आणि त्यातील बरीचशी ‘कोको’ नावाच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रसंग्रहावर शिकवलेली असतात. त्या संग्रहातील ८० वस्तुप्रकारांत टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल फोन हे तिन्ही आहेत, म्हणून आपल्या इन्स्पेक्शन टेबलावरचा संगणक असे मॉडेल बहुधा पहिल्याच दिवशी पकडेल. व्हीएमसीच्या पॅनलचे मात्र तसे नाही. शंभरेक बटणांच्या मधोमध बसवलेला, तेलकट बोटांचे ठसे उमटलेला तो छोटा पडदा घरांच्या आणि रस्त्यांच्या छायाचित्रांवर शिकलेल्या मॉडेलने कधी पाहिलेलाच नसतो. आपल्या शॉपमधील चित्रफितींतून काही शे चित्रे निवडून, त्यातील पडद्यांभोवती चौकटी आखून, त्याच मॉडेलला पुढचे शिक्षण द्यावे लागेल. चित्रे निवडताना दिवसपाळी आणि रात्रपाळी, बंद पडदा आणि चालू पडदा, समोरून आणि तिरका, हाताने अर्धा झाकलेला, असे सर्व प्रकार घ्यावेत.

येथे एक सूचना आवर्जून करतो. मॉडेलची चाचणी घेण्यासाठी चित्रे बाजूला ठेवताना ती त्याच चित्रफितीतून उचलू नयेत. लागोपाठची दोन चित्रे जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे एक शिकवायला आणि दुसरे चाचणीला घेतले, तर निकाल उत्तम येतो आणि नव्या मशीनसमोर मॉडेल गडबडते. एखादे मशीन पूर्णपणे चाचणीसाठीच राखून ठेवावे, हे बरे.

अंगावरच्या कॅमेऱ्यातून पडदे शोधण्याचा हा विचार नवा नाही. २०१६ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी, दिवसभराची छायाचित्रे आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी, संगणकाचा पडदा असलेली छायाचित्रे ओळखून वेगळी काढण्याची पद्धत मांडली होती, आणि तिच्यामागची काळजी आपल्यासारखीच, म्हणजे पडद्यावरचा मजकूर नकळत बाहेर जाऊ नये ही होती.

प्रकाशवेध

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून दुसऱ्या अंगाविषयी लिहितो.

आपल्याला दिसणारे पट्टे खरे आहेत. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही, तर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. त्या दरम्यान पडद्याचा प्रकाश वेगाने चालू-बंद होत असेल, तर काही ओळी उजळ आणि काही मंद येतात. समजा, सेन्सरला पूर्ण चित्र वाचण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो आणि पडद्याचा उजळपणा कमी-जास्त करण्यासाठी त्याचा प्रकाश सेकंदाला २४० वेळा उघडमिट करतो, तर एका चित्रात साधारण पाच पट्टे पडतील. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणजे त्याच चित्रात ट्यूबचे दोन पट्टे दिसतील. पट्ट्यांमधील अंतर मोजून पडदा आणि ट्यूब वेगळे ओळखणे तत्त्वतः शक्य आहे. शटरचा वेळ सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला, तर ट्यूबचे एक पूर्ण आवर्तन त्यात सामावते आणि तिचे पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. वेळ हजाराव्या भागावर आणला, तर ट्यूब आणि पडदा दोघांचेही पट्टे ठळक होतात, पण चित्र अंधारते.

परंतु यावर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक एलसीडी पडद्यांच्या मागचा प्रकाश आता स्थिर असतो आणि तो पट्टे पाडतच नाही.

एलसीडीची अधिक भरवशाची खूण म्हणजे त्याचा ध्रुवित प्रकाश. एलसीडीच्या सर्वांत वरच्या थरात पोलरायझर, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेची कंपने आरपार जाऊ देणारी चाळणी, असतो, त्यामुळे बाहेर येणाऱ्या प्रकाशाची कंपने एकाच प्रतलात असतात. कॅमेऱ्यासमोर पोलरायझर धरून तो फिरवला, की एका कोनात पडदा काळा होतो आणि भोवतालचे मशीन, भिंत, माणूस होते तसेच राहतात. दोन कॅमेऱ्यांवर एकमेकांशी काटकोनात पोलरायझर बसवून दोन्ही चित्रांची वजाबाकी केली, तर जे उरते ते बहुतांशी पडदेच. यातली मेख अशी, की काही पडद्यांचा, विशेषतः जुन्या मॉनिटरांचा, ध्रुवण-कोन ४५ अंशांचा असतो. तो दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच उजळ दिसतो आणि वजाबाकीत नेमका तोच गायब होतो. शिवाय आपला कॅमेरा डोक्यावर आहे, म्हणजे मान कलली की कोन बदलला. म्हणून किमान तीन कोनांतून मोजमाप हवे. ०, ४५, ९० आणि १३५ अंशांचे सूक्ष्म पोलरायझर थेट सेन्सरवरच बसवलेले कॅमेरे सोनीच्या सेन्सरवर बनतात, पण ते औद्योगिक तपासणीसाठीचे असल्याने त्यांची किंमत आपल्या कामाला परवडणारी नाही.

शिरोलीकर

दोघांचेही आभार. सेटरच्या मुलाच्या जुन्या पोलराइज्ड गॉगलची काच फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून आज शॉपमध्ये फिरलो. संगणकाचा मॉनिटर सांगितल्याप्रमाणे पूर्ण काळा झाला. टर्निंग सेंटरच्या पॅनलवर कुलंट उडू नये म्हणून आम्ही जाड पारदर्शक प्लास्टिक लावले आहे, तेथे मात्र काळे होण्याऐवजी इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले. मिलिंग मशीनच्या डीआरओचे (सरकण्याचे माप आकड्यांत दाखवणाऱ्या पेटीचे) हिरवे आकडे तर काच कशीही फिरवली तरी तसेच राहिले. आणखी एक, तेल सांडलेली फरशी काच फिरवताना उजळ-मंद होत होती. तो काही पडदा नव्हे!

प्रकाशवेध

आपण पाहिलेली तिन्ही निरीक्षणे अपेक्षितच आहेत. ताणलेल्या किंवा साच्यात दाबलेल्या प्लास्टिकमधून जाताना ध्रुवित प्रकाशाची अवस्था बदलते, आणि तो बदल प्रत्येक रंगासाठी निराळा असल्याने वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी अडतात. डीआरओमध्ये साधे एलईडी असतात, त्यांच्यासमोर पोलरायझर नसतो. तेथे उलट लुकलुकण्याची खूण कामी येते, कारण त्यातील आकडे बहुधा एकामागून एक पेटवले जातात आणि शटर फार जलद ठेवले, तर चित्रात एखादाच आकडा पेटलेला सापडतो. तेल, पाणी, काच यांवरून तिरके परावर्तित होणारा प्रकाश स्वतःच अंशतः ध्रुवित होतो. पाण्यासाठी तो सर्वाधिक ध्रुवित होण्याचा कोन सुमारे ५३ अंशांचा आहे. तेव्हा शॉपफ्लोअरवर ही एकच खूण पुरेशी नाही.

रात्रपाळी

मी क्वालिटीमध्ये काम करतो आणि पार्टीच्या ऑडिटला उत्तरे मलाच द्यावी लागतात, म्हणून थोडे वेगळे बोलतो.

वर सांगितलेल्या सर्व पद्धती पडदा सापडला तर झाकायचा, या गृहीतावर उभ्या आहेत. म्हणजे यंत्राची नजर चुकली, की ड्रॉइंग उघडे पडले. शिवाय शिरोलीकरांना ऑफसेटचे पान मुलांना दाखवायचे आहेच. तेव्हा सगळेच पडदे झाकले, तर शिकवणार काय? माझे म्हणणे असे की, नियम उलटा करावा. पडद्यासारखे जे जे दिसेल ते सरसकट झाकावे, त्यासाठी मॉडेलची खात्रीची मर्यादा मुद्दाम खाली ठेवावी, म्हणजे थोडी शंका आली तरी ते झाकेल, चार-दोन खिडक्या आणि चकचकीत झाकणेही काळी झाली तरी चालतील. जो पडदा दाखवायचा असेल, त्याच्या चौकटीला सेटरने त्या वेळेपुरती एक छापील खूण लावावी. खूण दिसली नाही, पुसट झाली किंवा हाताआड गेली, तर पडदा झाकलेलाच राहील. चूक झालीच, तर ती मुलांच्या गैरसोयीची होईल, कराराच्या भंगाची नव्हे.

झाकण्यासाठी धूसर करणे किंवा ठोकळे पाडणे टाळावे, सरळ काळा चौकोन टाकावा. ठोकळे पाडलेल्या आकड्यांवरून मूळ आकडे ओळखणारी साधने उपलब्ध आहेत, आणि ड्रॉइंगमध्ये झाकायचे असतात ते मुख्यतः आकडेच.

आणि एक विचारतो, राग मानू नये. आपल्याकडे मशीनच्या दाराला चुंबकाने लावलेली कागदी ड्रॉइंग्ज नसतात का? आमच्याकडे तरी प्रत्येक मशीनवर असतात. कागदाचा पडदा लुकलुकतही नाही आणि ध्रुवितही नसतो.

शिरोलीकर

कागद आहेत, आणि तेही जॉबच्या अगदी शेजारी! चित्रणाच्या वेळी ते मशीनवरून काढून सेटरच्या खणात ठेवायचे, असा नियम आजच फळ्यावर लिहिला. उलट्या नियमाची कल्पना मला पूर्ण पटली. दृष्टियंत्र यांना विचारतो, ही खूण कशी असावी? राजारामपुरीतल्या रेडियम कटिंगवाल्याकडून करून घेतली तर चालेल का? तेल-कुलंटमध्ये टिकण्याच्या दृष्टीने विचारतो आहे.

दृष्टियंत्र

रात्रपाळी यांच्या सूचनेपुढे माझे मॉडेल दुय्यम ठरते आणि ते योग्यच आहे. खुणेसाठी ‘अरुको’ पद्धतीचे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे चिन्ह वापरावे. ते ओळखण्याची सोय ओपनसीव्ही या मुक्त संगणक-ग्रंथालयात तयार मिळते, आणि प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असल्याने कोणत्या मशीनचा पडदा उघडायचा हेही ठरवता येते. चार बाय चार घरांच्या चिन्हांचा लहान संच घ्यावा. घरे जितकी कमी तितकी ती मोठी पडतात आणि दुरून किंवा चित्र हलले तरी वाचता येतात.

रेडियमवाल्याकडून कापून घेण्यास हरकत नाही, मात्र रात्री चमकणारे परावर्तक रेडियम नको, साधे मॅट विनाइल सांगावे. चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबची तिरीप पडली, की निम्मी घरे पांढरी दिसतात आणि चिन्ह वाचले जात नाही. काळ्या चौकटीच्या बाहेर चारी बाजूंनी एका घराएवढी पांढरी किनार सोडायला सांगावी. कापणारा माणूस नीटनेटकेपणासाठी ती हमखास छाटून टाकतो आणि करड्या पॅनलवर चिकटवल्यावर चिन्हाची कडच सापडत नाही. चिन्ह थेट पॅनलला न चिकटवता चुंबकाच्या पातळ पट्टीवर लावावे, म्हणजे चित्रण संपताच सेटरला ते काढून खिशात टाकता येईल. पट्टी मात्र कंट्रोलच्या पत्र्यावर बसते का, हे आधी पाहावे, कारण काही पॅनलच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या असतात.

सुरुवात एकाच मशीनवर करावी. चित्रफीत बाहेर पाठवण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक चित्र पाहणे शक्य नसले, तरी चिन्ह सापडल्यामुळे उघडा राहिलेला भाग तेवढा वेगळा काढून कुणीतरी पाहावा. तो थोडकाच असेल.