अचानक एक कोटी हातात आले तर पहिले काय कराल? खरंखुरं सांगा

तर्री_पोहे_नागपूर
आज सकाळी पोहे खाता खाता विषय निघाला अन् दिवसभर डोक्यातून जाऊनच नाही राहिला. समजा उद्या एक कोटी हक्काचे हातात आले, लॉटरी म्हणा नाही तं वाडवडिलांची जागा विकली म्हणा, तर पहिले काय कराल? एक मित्र म्हणे मनीषनगरात थ्री बीएचके, दुसरा म्हणे थार. मी गप्प बसलो, तिथे बोलायला जमलं नाही, इथे सांगतो.

मी उमरेडकडचा. एमपीएससीसाठी नागपुरात आलो, चार वर्षं अभ्यासिकेची फी, रूमचं भाडं, मेस, सगळं बाबा सोयाबीनच्या पैशातून पाठवायचे आणि एका वर्षी त्यांनी पायात नवी चप्पलही नाही घेतली हे मला आईकडून कळलं. पोस्ट निघाली नाही, आता नोकरी करतो, बरं चाललंय. पण पैसे मिळाले तर मला गावातच अभ्यासिका काढायची आहे. चाळीस-पन्नास पोरं बसतील अशी, मे महिन्यात ४५ डिग्रीत लाइन गेली तरी पंखे चालले पाहिजे म्हणून मोठा इन्व्हर्टर, आणि मुलींसाठी वेगळं बाथरूम, कारण तेवढ्यासाठी आमच्याकडे पोरींना दिवसभर बाहेर बसू देत नाहीत. पंचवीस-तीस लाखात होईल असा माझा अंदाज. बाकीचं बहिणीच्या लग्नाला आणि बाबांच्या नावावर.

तुम्ही काय कराल? आणि कोणाच्या घरी खरंच असे पैसे आले असतील तर तेही लिहा, ते जास्त ऐकायचं आहे.

हिंगणा_वाला
भाऊ आमच्या घरी हे झालेलं आहे म्हणून लिहितो, मोठं होईल, सांभाळून घ्या. समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो ना, त्या पट्ट्यात आमचं साडेचार एकर वावर रस्त्यात गेलं. २०१७ मध्ये खरेदी झाली अन् आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, खात्यात एकदम एवढी रक्कम आली की पासबुकातला आकडा त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्या दिवसापासून फोन सुरू. विमावाले, गाडीवाले, प्लॉटवाले, कधी दिवाळीला न येणारे नातेवाईक. काकांनी त्यांच्या वाट्यातून बोलेरो घेतली, मुलीचं लग्न मोठ्या लॉनवर केलं, दोन हजार माणूस जेवलं, आणि उरलेल्यातून बेसाकडे दोन प्लॉट घेतले जे ना एनए म्हणजे बिगरशेती होते, ना त्यांचं आरएल म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं रिलीज लेटर होतं. विकणाऱ्याने फक्त कागदावरचा लेआउट दाखवला होता. आज त्या प्लॉटवर ना घर बांधता येत ना ते कोणी विकत घेत.

पण पैशापेक्षा मला बाबांचं जास्त आठवतं. पहाटे पाच वाजता उठून वावरात जायची तीस वर्षांची सवय, आणि आता जायला वावरच नाही, मग आंघोळ करून चौकात जाऊन बसायचे, कोणाशी बोलायचे नाही. आठ महिने असं चाललं. शेवटी आईनेच धरून बसवलं की आपल्या वाट्याच्या पैशात पहिले जमीन घ्या, बाकी काही नको. भिवापूरकडे तीन एकर घेतली, आज तिथे कापूस अन् तूर आहे आणि बाबा परत पहिल्यासारखे झाले.

२०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचा रस्ता सुरू झाला तेव्हा आबाजींना गाडीत घेऊन गेलो. ते काचेला नाक लावून आपलं वावर कुठे होतं ते शोधत होते, बांधावर एक बाभूळ होती तीच खूण. १२० च्या स्पीडला काय ओळखू येणार. मी गाडी हळू केली तरी नाही सापडलं.

म्हणून माझं उत्तर, सहा महिने कोणालाच हो म्हणायचं नाही, घरच्यांनाही नाही.

हिशोबी_ताई
हिंगणा भाऊ, वाचताना पोटात तुटलं. मी टॅक्सचं काम करते, तर थोडं कामाचं सांगते, कारण लोक कोटी धरून चालतात आणि हातात कोटी येत नाही. लॉटरीचे असतील तर सरळ ३० टक्के टॅक्स, काही वजावट नाही, ५० लाखाच्या वर सरचार्ज आणि त्यावर सेस. म्हणजे एक कोटीतले पासष्ट-सहासष्ट लाख तुमचे. वारशाने मिळाले तर मिळाल्याबद्दल टॅक्स नाही, पण पुढे त्याच्या व्याजावर आहे. शेतजमीन विकली तर ती शहराच्या हद्दीपासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं, म्हणून सही करायच्या आधी विचारा, नंतर नका येऊ प्लीज.

दुसरं, सगळे पैसे एका बँकेत ठेवू नका. बँक बुडाली तर विम्याचं संरक्षण एका माणसाला एका बँकेत ५ लाखापर्यंतच, व्याज धरून. आईबाबा साठीच्या पुढचे असतील तर पोस्टातली सीनियर सिटिझन योजना पाहा, २०२३ पासून एका माणसाला ३० लाखापर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं. बाबांच्या नावावर म्हणता ना तर्री दादा, ते असं करा.

आणि अभ्यासिकेचं, खूप छान आहे, पण तीस लाख भिंतीत नका घालू. इमारत उभी राहते, मग लाइट बिल कोण भरणार, पेपर कोण आणणार, रात्री कुलूप लावायला माणूस कोण? ग्रामपंचायतीची रिकामी खोली मागा आणि पैसे एफडीत ठेवून व्याजावर चालवा.

काटोलची_मुलगी
मी तर आधी आईचं पीककर्ज फेडीन. बाबा गेल्यावर तिनेच संत्र्याची तीनशे झाडं सांभाळली. २०१९ च्या उन्हाळ्यात विहीर आटली, टँकर विकत घेऊन झाडं जगवली तरी नव्वद वाळली. नवीन लावा तर पाचव्या वर्षापर्यंत फळाची वाट पाहा, म्हणून ती लावायला घाबरते. मला तिला सांगायचं आहे की लाव, पाच वर्षं खर्चाचं मी बघते. शेततळं, ठिबक, आणि ऑगस्टमध्ये फळगळ झाली की तिला व्यापाऱ्यासमोर पडेल तो भाव कबूल करावा लागू नये, बस्. बाकी पैशाचं काही सुचलंच नाही अजून.

तर्री_पोहे_नागपूर
सगळ्यांचे मनापासून आभार. हिंगणा भाऊ, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती. ताई, तुमचं खोलीचं बरोबर आहे, आमच्या गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्या बंद पडून आहेत, एकीचं छत चांगलं आहे. रविवारी गावी जाऊन राहिलो तं सरपंचांना विचारतो. काटोल ताई, ती झाडं लावली तर सांगा, खड्डे खोदायला आम्ही मित्र येतो, खरंच येतो.

आणि कोणाकडे जुने टेबल-खुर्च्या किंवा एमपीएससीची पुस्तकं पडून असतील तर मेसेज करा, उमरेडपर्यंत न्यायची गाडी मी पाहतो.