विषय: पाडव्याच्या कार्यक्रमाचा हॉल (शनिवार, २२ मार्च २०२५), पार्किंग आणि एनआयटी (अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा)

मेधा:
मंडळी, काल आपल्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या लीगच्या, स्पर्धेत फायनलला हरला. आज हॉलच्या ऑफिसातून फोन आला. २२ ला शेजारच्या अरीनात सामना लागला तर मागचं पार्किंग प्रेक्षकांना जाणार. केटररची गाडी, पालखी, ढोल सगळं तिथूनच आत येतं. जेवणाचा आकडा बुधवारी पक्का द्यायचाय. सामना होणार का, कोणी नक्की सांगेल?

प्रसाद:
मेधाताई, होणारच. लीगच्या साखळी सामन्यांत पहिला आलेला संघ एनसीएएच्या मुख्य स्पर्धेला मुकला की एनआयटीत आपोआप जातो. शनिवार-रविवारी दुसरी फेरी. दुसरा हॉल बघायला घ्या.

सुलभा:
दुसरा हॉल कोण बघणार? ३० ला, ऐन पाडव्याला, हॉल मिळेना म्हणून समितीने जानेवारीत चार ठिकाणी फिरून हा ठरवला. हॉलचं आमच्यावर सोडा.

श्रीकांत:
प्रसाद, तो नियम २०२३ पर्यंतचा. २०२४ ला तो काढला आणि सहा मोठ्या कॉन्फरन्सना दोन-दोन जागा दिल्या. यंदा अर्धामुर्धा परत आलाय. लीगच्या विजेत्याची सात रँकिंगांमधली सरासरी १२५ किंवा त्याहून चांगली हवी, तरच हमी. आपली १४० च्या पुढे आहे. दुसरी वाट म्हणजे एसीसी-एसईसी या दोन मोठ्या कॉन्फरन्स सोडून केनपॉम या क्रमवारीतल्या वरच्या बारा कॉन्फरन्समधून एकेक संघ घेतात, पण आपली कॉन्फरन्स तिथे काठावर आहे. रविवारी रात्री यादी येईपर्यंत कोणी काही सांगू शकणार नाही.

पण मेधाचा प्रश्न घरच्या सामन्याचा आहे. ३२ संघांत मानांकन फक्त सोळांना, आणि पहिला सामना त्यांच्या घरी. आपल्याला मानांकन मिळणं अवघड. आधी बाहेर जाऊन जिंकायचं, शिवाय ज्याच्या विजेत्याशी आपली पुढे गाठ पडेल त्या सामन्यात मानांकित संघ हरायला हवा, तेव्हा कुठे शनिवारी इथे खेळ. सीबीआय या दुसऱ्या स्पर्धेने बोलावलं तर पैसे भरून जावं लागतं आणि सगळे सामने डेटोना बीचला. मी असतो तर आकडा देऊन टाकला असता.

अनिल:
श्रीकांत, इंडियाना स्टेटला विसरलास? २०२४ ला आम्ही त्यांच्या गावी, टेरे होटला होतो. ते मिसुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये पहिले आले, फायनलला ड्रेककडून हरले, एनसीएएने घेतलं नाही. मग एनआयटीत ओळीने तीन सामने घरी झाले. आमच्या गल्लीपर्यंत गाड्या लागायच्या. इंडियानापोलिसच्या हिंकल फील्डहाउसमधली फायनल सीटन हॉलकडून दोन गुणांनी गेली. माझा मुलगा आठवडाभर नीट जेवला नाही.

श्रीकांत:
अनिल, ते एनसीएएच्या नेट या क्रमवारीत पहिल्या तिसात होते, पहिलं मानांकन होतं. म्हणून घरी खेळले.

प्रसाद:
बरोबर, नियम बदललेला मला माहीत नव्हता. पण २०२४ ला पिट्सबर्ग, सेंट जॉन्स, ओक्लाहोमा यांनी एनआयटीला नकार दिला होता. असे मोठे संघ गळले की आपल्यासारख्यांना जागा होते. यंदा तर लास व्हेगसला क्राउन ही नवी स्पर्धाही सुरू होतेय.

श्रीकांत:
जागा होते, मानांकन नाही.

मेधा:
आकडा देते. पार्किंगचं लेखी मागते, सामना न झाल्यास आपलंच असं.

वैशाली:
मेधाताई, मुलींच्या संघाचं कोणी बोललंच नाही! त्याही लीगमध्ये पहिल्या आल्यात आणि डब्ल्यूबीआयटी या मुलींच्या एनआयटीसारख्या स्पर्धेत लीगच्या विजेत्याला अजून हमी आहे. दुसरी फेरी रविवारी २३ ला. माझी मुलगी बँडमध्ये आहे, तिला तयार राहायला सांगितलंय. आपली पालखी आणि भाड्याची भांडी शनिवारी रात्री हॉलवरच राहतात ना?