खचलेल्या मनानं जप कसा धरावा

अवकाळीत द्राक्षबाग गेल्यापासून जपाला बसलं की रडूच येतं, असं तुम्ही तासगावहून लिहिलंय. दादा, येऊ द्या रडू. समर्थ रामदासांनीही करुणाष्टकांत रामापुढं तळमळच मांडलीय.

पण रोज अकरा माळा करीन असा संकल्प आत्ता करू नका. खचलेलं मन चार दिवसांत चुकतं, मग चुकल्याची टोचणी लागते आणि जपच सुटतो. बहुतेकांचं इथंच अडतं.

एकच माळ घ्या, वेळ मात्र ठरलेली. गोंदवलेकर महाराजांचा १३ अक्षरी मंत्र, 'श्रीराम जय राम जय जय राम', सावकाश म्हटला तर १०८ मण्यांना सहा-सात मिनिटं लागतात. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्यानं आपल्याकडं ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की न ओलांडता माळ उलटी फिरवा. पहिले पंचवीस-तीस मणी आपल्याला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणा; एकदम मनातल्या मनात सुरू केलं की मण्यांबरोबर सोसायटीच्या कर्जाचे हप्तेच मोजले जातात.

आणि दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत नंबरवर बोला. डॉक्टरांनी औषध दिलं तरी जप चालूच ठेवा, औषधानं तो बाटत नाही.