मधातला सुकामेवा आंबतोय, काजू वर तरंगतात. काय करावं?

धारणी_महिला_गट
नमस्कार मंडळी. आमचा बायांचा बचत गट आहे, धारणीकडचा. काजू, बदाम आणि चारोळी मधात घालून 250 मिलीच्या काचेच्या बाटलीत विकायचं ठरवतोय. आग्या मोहोळाचा मध इथल्याच जंगलातला, समोर काढलेला. भेसळीचा प्रश्नच नाही. तरी नमुन्याच्या बाटल्यांत काही आठवड्यांतच वर पांढरा फेस आला, झाकण उघडताना फुस्स होतं आणि आंबूस वास येतो. काजू सगळे वर आणि खाली नुसता मध. प्रमाण काय धरायचं? भाव कसा काढायचा? फल्लीदाण्याचं (शेंगदाण्याचं) स्वस्तातलं जमेल का?

मधपेटी_अमरावती
ताई, मध अस्सल असला तरी आंबतो. त्यात रानातलं यीस्ट जिवंत असतं आणि पाणी जास्त असलं की ते जागं होतं. आग्याचा मध बरेचदा पोळ्याच्या कोठ्या पूर्ण बंद व्हायच्या आधीच काढतात, त्यामुळे त्यात 22-24 टक्के पाणी सहज निघतं. कायद्याने मधात 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. सुकामेवा घालायचा तर 18 च्या आसपासच हवं. 17 च्या खाली यीस्ट जवळपास हलत नाही.

आधी मधाचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. साखरेच्या पाकाचा नाही, मधाचाच, ज्यावर पाण्याचे टक्के थेट दिसतात. प्रत्येक डब्याचं माप घ्या, कारण एकाच दिवशी आलेल्या दोन डब्यांतही फरक निघतो.

पाणी कमी करायला मध उकळू नका. रंग काळवंडतो, वास जातो आणि एचएमएफ (मध तापवल्यावर त्यात वाढणारा घटक) वाढून नमुना तपासणीत नापास होऊ शकतो. आपल्याकडे यावर फुकटचा उपाय आहे: एप्रिल-मेची कोरडी हवा. हवेची आर्द्रता साधारण 58-60 टक्क्यांच्या खाली असली की मध पाणी सोडतो, वर गेली की ओढतो. म्हणून उन्हाळ्यात बंद खोलीत, दारं-खिडक्यांना बारीक जाळी लावून, स्टीलच्या पसरट परातीत 2-3 सेंमी थर ओता, पंखा लावा, दिवसातून तीन-चारदा सराट्याने खालीवर करा आणि रोज माप घ्या. 18 आला की लगेच हवाबंद डब्यात भरा. मृग लागल्यावर हेच केलं तर उलटा परिणाम होईल.

मिसळायचा असेल तर हिशोब सोपा आहे. 23 टक्क्यांचा 1 किलो आणि 18 चा 2 किलो मिळून 19.7 येतो. कायद्यात बसतो, पण तुमच्या कामाला अजून ओलाच आहे.

आंबलेल्या बाटल्यांचा मध गरम करून पुन्हा विक्रीत आणू नका.

भट्टी_ते_बरणी
वरच्या उत्तरात सुकामेव्याची बाजू राहिली. काजू-बदाम धुऊन किंवा भिजवून घेत असाल तर ते आधी थांबवा. बाटलीच्या तळाशी राहिलेलं चमचाभर पाणीही पुरतं: 160 ग्रॅम मध 19 टक्क्यांचा असेल आणि 5 ग्रॅम पाणी मिसळलं, तर तो थेट साडेएकवीसवर जातो. बाटल्या गरम पाण्याने धुऊन उपड्या वाळवा, मग ओव्हनमध्ये 110 अंशांवर 15 मिनिटं ठेवा. फडक्याने आतून पुसू नका.

भाजणी सगळ्यांची वेगवेगळी करा. बदाम 150 अंशांवर 15 मिनिटं, काजू 140 वर 12, मध्ये एकदा हलवून. चारोळी कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं, नुसता वास सुटेपर्यंत. तिच्यात तेल भरपूर, त्यामुळे खवट सगळ्यात आधी तीच होते. जुनी चारोळी घेऊ नका, घेताना दोन दाणे चावून बघा. बदाम मधोमध फोडून पाहा: आतून फिकट बदामी हवा आणि कट्‌कन तुटला पाहिजे. पांढरा, लवचिक असेल तर ओल आहे. भाजलेलं ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकलं तर घाम सुटतो. पावसाळ्यात गार झाल्या झाल्या भरा, रात्रभर उघडं ठेवू नका.

तरंगण्याचं कारण साधं आहे, मध मेव्यापेक्षा जड. उपाय मध घट्ट करणं नाही, मेवा वाढवणं. 250 मिलीत 120 ग्रॅम मेवा आणि 160 ग्रॅम मध घ्या, म्हणजे दाणे गळ्यापर्यंत एकमेकांत अडकून बसतात. तळाला थोडा मध, मग मेवा, मग गंजातल्या (पातेल्यातल्या) कोमट पाण्यात ठेवून 40 अंशांपर्यंत सैल केलेला मध. लांब काडीने कडेकडेने हवा काढा, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी पातळी खाली गेलेली दिसेल, तेवढी भरून घ्या. वरचा दाणा मधाबाहेर राहिला की बुरशी तिथूनच सुरू होते.

दोन-तीन महिन्यांत मेवा थोडा मऊ पडणारच, भाजलेला दाणा मधातलं पाणी ओढतो. त्यामुळे लेबलवर ‘कुरकुरीत’ लिहू नका.

धारणी_महिला_गट
खूप आभार, भाऊ. फल्लीदाणे आणि भावाचं कोणी सांगाल का?

हिशोबवही_अकोला
फल्लीदाणे जरूर करा, पण निवडायला दोन बाया वेगळ्या बसवा. सुरकुतलेला, काळसर, बुरशी लागलेला एकही दाणा नको. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजल्याने पूर्ण जात नाही आणि मधही ते झाकतो, काढत नाही. साल काढून घ्या, नाहीतर मधात तरंगून गढूळ दिसतं.

भाव असा काढा. दर समजा मध 400, काजू-बदाम सरासरी 800 रुपये किलो. मधाचे 64, मेव्याचे भाजणीतली घट धरून 100, बाटली-झाकण-लेबल-सील 25, मजुरी आणि गॅस 20, झाले 209. दुकानदार 25 टक्के घेणार. 320 छापले तर त्याचे 80 जाऊन 240 हाती येतात, म्हणजे सुटतात 31. फल्लीदाणे 140 किलोने धरले तर खर्च 127 च्या घरात. 200 छापले की 150 हाती, नफा 23. प्रदर्शनात स्वतः विकलं तरी छापील किमतीच्या फार खाली जाऊ नका, दुकानदार लगेच तोंड फिरवतो.

लेबलवर फॉस्कॉसवरून (अन्न सुरक्षा नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरून) मिळालेला 14 आकडी नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, घटक, बॅच, तारखा आणि मेवा किंवा शेंगदाणा असल्याची ॲलर्जीची सूचना द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, हेही ठळक लिहा. थंडीत मध साखरतो आणि गिऱ्हाईक भेसळ समजतं, म्हणून ‘बाटली कोमट पाण्यात ठेवा’ ही ओळ टाका. ‘मधुमेहावर उपयुक्त’ वगैरे काही छापू नका, कारवाई होते.

आणि ताई, प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या राखून ठेवा: एक सावलीत, एक पत्र्याखालच्या खोलीत. आपल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात दुसरी कधी खवट होते ते पाहूनच मुदत ठरवा. तोवर मुदत तीन महिन्यांच्या वर छापू नका.