'गोली नहीं, बोली चाहिए' मराठीत कसं म्हणायचं?

गांधीवादी कार्यकर्त्या निर्मला देशपांडे २००८ साली गेल्या, त्याही महाराष्ट्र दिनी. त्या दिवसासाठी आमच्या वाचनालयात त्यांच्यावर एक फलक लावायचा होता आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. जन्म १९२९, नागपूर. वडील लेखक पु. य. देशपांडे. १९५२ मध्ये विनोबांच्या भूदानात सामील, सुमारे ४० हजार किलोमीटर पदयात्रा. पुढे पंजाब-काश्मीरमधल्या शांतियात्रा, राष्ट्रपतिनियुक्त खासदार, २००६ साली पद्मविभूषण. एवढं सगळं कार्डशीटवर नीट बसलं. घोडं अडलं ते त्यांच्या घोषणेपाशी, 'गोली नहीं, बोली चाहिए'. मी बेधडक 'गोळी नको, बोली हवी' असं लाल स्केचपेननं लिहून टाकलं. रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं आणि विचारलं, "बोली? लिलाव कशाचा आहे?"

आता तुम्हीच सुचवा.

प्रतिसाद १

आजोबांचं बरोबर आहे. मराठीत 'बोली' म्हटलं की एकतर लिलावातली, नाहीतर वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांसारखी. तिसरा अर्थ अटीचा किंवा कराराचा: 'देणंघेणं काही नाही, या बोलीवर लग्न ठरलं'. 'चर्चा' हा अर्थ काही केल्या निघत नाही. नागपूरच्या बाईंच्या फलकावर 'बोली हवी' वाचून मला तर वऱ्हाडीचं आंदोलन आठवलं.

प्रतिसाद २

आणि 'गोळी नको' म्हटलं की औषध टाळणारं पोर दिसतं. 'गोळी'ला यमक म्हणून 'बोळी' जुळतं, पण ती गल्लीबोळातली.

प्रतिसाद ३

'बोलणी' घ्या की. 'गोळीबार नको, बोलणी हवीत'. लग्नाची बोलणी, जागावाटपाची बोलणी, सगळीकडे चालतो हा शब्द. फक्त क्रियापद सांभाळायचं. बोलणी 'करायची' असतात, 'खाल्ली' की कार्यभाग संपला. तशीच गत 'बोलाचाली'ची. 'दोघांत बोलाचाली झाली' म्हणजे दोघं भांडले असंच आपण समजतो. तुकोबांनी 'बोलाचीच कढी, बोलाचाचि भात' म्हणून नुसत्या बोलण्याची किंमत आधीच करून ठेवलीय. बोलून प्रश्न सुटतो यावर मराठी माणसाचा विश्वास जरा कमीच असावा.

'वाटाघाटी' मात्र इथे नको, ताई. तो शब्द सरकारी आहे. लांबलचक टेबल, दोन्हीकडे अधिकारी, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या. निर्मलाताई २००० सालच्या मार्चमध्ये बायकांना घेऊन बसनं दिल्लीहून लाहोरला गेल्या, कारगिलला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिथे कुठल्या वाटाघाटी? बायका बायकांशी बोलायला गेल्या होत्या.

प्रतिसाद ४

एक दुरुस्ती, भाषेची नव्हे, संबोधनाची. त्यांना देशभर 'दीदी' म्हणत, 'ताई' नव्हे. घर मराठी, पण काम हिंदीत, लेखनही बरंचसं हिंदीत. म्हणून घोषणा हिंदीत सुचली आणि हिंदीतच शोभते. तिचं मराठी करायची सक्ती कुणी केलीय?

प्रतिसाद ५

सक्ती नाही, पण आपल्याकडे याहून नेमका शब्द पडून आहे: अबोला. हिंदीत बहुधा 'बातचीत बंद' म्हणतात, आपल्याकडे एका शब्दात काम होतं. शिवाय अबोला अनोळखी माणसाशी धरता येत नाही. तो नवऱ्याशी, जावेशी, फार तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी. 'बंदूक खाली, अबोला सोडा'. २००९ साली पाकिस्ताननं त्यांना मरणोत्तर सितारा-ए-इम्तियाज हा सन्मान दिला, तेव्हा त्या बाजूनंही थोडा अबोला सोडलाच म्हणायचा.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

अबोला छान, पण घरगुती पडतो. काश्मीरमधल्या बंदुकीपुढे 'अबोला' म्हणजे रुसवाफुगवी वाटेल.

प्रतिसाद ५ (पुन्हा)

घरगुती आहे म्हणूनच सुचवला.

प्रतिसाद ६

जाता जाता. 'शांतियात्रा', 'शांतिसेना' (ही विनोबांची, १९५७) यांत 'शांति', पण नोबेल मात्र 'शांततेचं'. आणि 'शांत' स्त्रीलिंगी झाली की थेट भटजीच बोलवायचे: वास्तुशांत, ग्रहशांत, साठीशांत. 'शांतता'ची अडचण वेगळीच, तो शब्द युद्ध नसण्यालाही चालतो आणि आवाज नसण्यालाही.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ४ चं ऐकून मूळ हिंदी घोषणाच मोठ्या अक्षरांत ठेवली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'बंदूक नको, बोलणं हवं'. 'बोलणी'ऐवजी 'बोलणं' घेतलं, खायची भीती नको म्हणून. 'अबोला' मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलाय.

प्रतिसाद ६ वाचून हसू आवरलं नाही. फलक लावायला भिंतीवर एकच खिळा रिकामा होता, तो नेमका 'शांतता राखा. बोलू नये.' या पाटीखाली. आजोबांनी आज दोन्ही ओळी लागोपाठ मोठ्यानं वाचल्या आणि ग्रंथपालांनी त्यांना गप्प केलं.