अश्लील, असभ्य, शिवराळ

प्रश्न : अमेरिकेतल्या टीव्ही-रेडिओच्या नियमांवर मराठीत लेख लिहितेय. तिथल्या कायद्यात 'ऑब्सीन', 'इन्डीसेंट' आणि 'प्रोफेन' असे तीन शब्द शेजारीशेजारी येतात. मराठी बातम्यांत तिन्हींना सरसकट 'अश्लील' म्हटलेलं दिसतं. वेगळे शब्द कोणते वापरावेत?

– वेगळे हवेतच, कारण परिणाम वेगळे आहेत. ऑब्सीन ते कधीच दाखवता येत नाही. इन्डीसेंट रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात चालतं. पहिल्याला 'अश्लील', दुसऱ्याला 'असभ्य' म्हणा. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठातही कलम 19(2) मध्ये 'डीसेन्सी'ला 'सभ्यता'च म्हटलंय.

– 'असभ्य' फार पातळ वाटतो. पाहुण्यांसमोर पाय पसरून बसणंही असभ्यच. टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या दळणवळण आयोगाच्या (एफसीसी) 'इन्डीसेंट'च्या व्याख्येत लैंगिक आणि मलमूत्राशी संबंधित, एवढ्याच गोष्टी येतात. आपल्या काव्यशास्त्रात अश्लील दोषाचे तीन प्रकार सांगितलेत : व्रीडा (लाज आणणारं), जुगुप्सा (किळस आणणारं), अमंगल (अशुभ सुचवणारं). त्यातले पहिले दोन या व्याख्येत जवळजवळ जसेच्या तसे बसतात. म्हणून मराठी माणसाच्या तोंडी 'अश्लील' येतो, त्यात आळस नाही.

– शब्दांच्या व्याख्येपेक्षा वापर बघा. 2003 च्या गोल्डन ग्लोब सोहळ्यात गायक बोनोने आनंदाच्या भरात एक शिवी विशेषणासारखी वापरली. आयोगाच्या अंमलबजावणी विभागाने म्हटलं, इथे कुठल्याही लैंगिक कृतीचं वर्णन नाही, म्हणून नियमभंग नाही. 2004 मध्ये आयोगाने तो निर्णय फिरवला : हा शब्द कसाही उच्चारला तरी त्याला लैंगिक छटा असतेच. त्याच वर्षी टीव्हीवर 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा युद्धपट लागणार होता, तर साठाहून अधिक टीव्ही केंद्रांनी दंडाच्या भीतीने तो दाखवलाच नाही. पुढे 2005 मध्ये आयोगानेच सांगितलं, रणांगणावरच्या सैनिकांच्या तोंडी त्या शिव्या असभ्य ठरत नाहीत. मग आधी भीती कशाला घातली? आपल्याकडे 'च्यायला' म्हणणाऱ्याच्या मनात कुणाचीही आई नसते, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही कळतं. नियम राबवणाऱ्याला एवढी जाण हवीच.

– पटलं. आणि 'प्रोफेन'? त्याचा जुना अर्थ देवनिंदा.

– हो, पण बोनोच्याच प्रकरणात आयोगाने त्यात शिवीगाळही धरली. म्हणून 2004 आधीच्या संदर्भात 'देवनिंदक' आणि नंतरच्या संदर्भात 'शिवराळ' लिहा. 'असभ्य' पहिल्यांदा येईल तिथे मात्र आयोगाची व्याख्या एका वाक्यात द्या.